शाळा की सुवार्ता?

सुवार्ता सांगणे हे चर्चचे आद्य कर्तव्य. ख्रिस्ताची तशी आज्ञाच आहे. पण ती सांगायची कुठे, चौकात की शाळेत? या प्रश्नावरून गेल्या शतकाच्या आधीच्या शतकात समुद्रापार मोठा वाद झाला. त्यातला एक पक्ष आमच्या कोल्हापूरचा होता, हे थोड्यांनाच ठाऊक असेल.

रॉयल वाइल्डर हे अमेरिकन मिशनरी आधी अहमदनगरास होते. १८५२ साली ते कोल्हापुरास आले. गडकऱ्यांच्या बंडाला तेव्हा जेमतेम आठ वर्षे झाली होती. गोऱ्या माणसाविषयी लोकांच्या मनात अढी असणारच. वाइल्डरांनी उपदेश केला, आणि शाळाही काढल्या.

१८५४-५५ मध्ये बोस्टनच्या मंडळाचे चिटणीस रूफस अँडरसन हिंदुस्थानात पाहणीस आले. मिशनने माणसे ख्रिस्ताकडे आणावीत, देशी पाळकांच्या हाती स्वावलंबी मंडळ्या द्याव्यात. इंग्रजी शिकवून नोकरदार घडवणे हे काही मिशनचे काम नव्हे, असे त्यांचे मत. इंग्रजी शाळांना कात्री लागली. अँडरसनांचे म्हणणे पोकळ नव्हते. परभाषेत शिकवून माणसाच्या काळजाला हात घालता येत नाही, हे आम्हां मास्तरांना कोणी सांगावे?

पण वाइल्डरांना ते पटेना. मंडळाशी त्यांचे बिनसले. मिशनच्या शाळांची बाजू मांडणारे पुस्तक त्यांनी १८६१ साली प्रसिद्ध केले आणि स्वतःच्या जबाबदारीवर ते कोल्हापुरास परतले. पाठीशी मंडळ नाही, नेमका पगार नाही! पुढे १८७० मध्ये अमेरिकेतील प्रेस्बिटेरियन चर्चने हे मिशन आपल्याकडे घेतले.

मग जिंकले कोण? कोल्हापूरकरांनी शाळा घेतली, धर्म बहुतेकांनी आपलाच ठेवला. पण उपदेशही वाया गेला नाही. १८६३ साली कोल्हापुरात जन्मलेला वाइल्डरांचा मुलगा रॉबर्ट याने १८८६ मध्ये अमेरिकेत माउंट हर्मन येथे विद्यार्थ्यांना परदेशी सेवेची हाक दिली. शंभर तरुण पुढे आले, आणि त्यातून एक मोठी विद्यार्थी-चळवळ उभी राहिली.

पंचगंगेकाठी पेरलेले असे अटलांटिकपलीकडे उगवले! शिकवणाऱ्याने वाफा नीट करावा; कोणते बी कुठे रुजेल, हे मात्र त्याच्या हाती नसते.