औषधदान आणि शास्त्रदान : कल्याणकारकापासून आरोग्यकेंद्रापर्यंत

जैन श्रावकाच्या नित्यकर्तव्यांत दानाला जे स्थान आहे ते आपणां सर्वांस परिचित आहे. आहारदान, औषधदान, शास्त्रदान आणि अभयदान ही चार दाने आपण लहानपणापासून पाठशाळेत पाठ केलेली असतात. आचार्य समंतभद्रांनी 'रत्नकरंड श्रावकाचारा'त वैयावृत्त्याच्या प्रकरणी आहार, औषध, उपकरण आणि आवास अशी त्यांची मांडणी केली असून, प्रत्येक दानासाठी एकेक दृष्टान्तही सुचविला आहे. औषधदानाचा दृष्टान्त आहे वृषभसेनेचा. तिच्या स्नानाच्या पाण्याने रोग बरे होत, असे ती कथा सांगते. परंतु कथेचा खरा गाभा तिच्या पूर्वजन्मात आहे. त्या जन्मी ती झाडलोट करणारी एक दासी होती. आधी तिच्याकडून एका मुनींची घोर विराधना घडली आणि मग पश्चात्तापाने तिने त्यांची औषधोपचारांनी शुश्रूषा केली. औषधदानाचा आदर्श म्हणून परंपरेने एखादा राजवैद्य अथवा श्रेष्ठी न निवडता झाडू हाती घेणारी स्त्री निवडली, ही गोष्ट मला नेहमीच अर्थपूर्ण वाटत आली आहे. गावोगावी औषधी वनस्पतींचे ज्ञान ज्यांच्या हाती राहिले त्यांत अशाच स्त्रिया बहुसंख्य होत्या.

या दानाची दुसरी बाजू तितकीच महत्त्वाची आहे. चिकित्सा करून आहार मिळविणे हा मुनींसाठी दोष मानला गेला आहे. आहाराच्या उत्पादन-दोषांत चिकित्सा हा स्वतंत्र दोष गणला जातो. म्हणजे वैद्यकाचे ज्ञान मुनिसंघात असू शकते, त्यावर ग्रंथही लिहिता येतो. मात्र त्यावर उपजीविका करता येत नाही. परिणामी ज्ञान लिहून ठेवणे हे आचार्यांचे आणि औषध प्रत्यक्ष देणे हे श्रावकांचे, अशी विभागणी आपोआप झाली. शास्त्रदान आणि औषधदान या दोन वाटा जेथे एकत्र आल्या तेथे समाजाचे आरोग्य सुधारले, आणि जेथे त्या वेगळ्या राहिल्या तेथे मोठे नुकसान झाले, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

लिहिण्याची परंपरा जुनी आहे. द्वादशांगांतील दृष्टिवादाचे जे चौदा पूर्व, त्यांतील बारावे प्राणावाय. त्याचा विषयच आयुर्वेद. तो पूर्व लुप्त झाला. परंतु त्याच्या आधाराने रचलेला एक समग्र ग्रंथ आज आपल्या हाती आहे, तो म्हणजे उग्रादित्याचार्यांचा 'कल्याणकारक'. नवव्या शतकातील या आचार्यांचे गुरू श्रीनंदी. त्रिकलिंग देशातील रामगिरी पर्वतावर या ग्रंथाची रचना झाली. उग्रादित्यांनी आपल्या पूर्वसूरींची नावे आदरपूर्वक नोंदविली आहेत. शालाक्यावर पूज्यपाद, शल्यतंत्रावर पात्रस्वामी, विषचिकित्सेवर सिद्धसेन, कायचिकित्सेवर दशरथगुरू, बालरोगांवर मेघनाद, रसायन-वाजीकरणावर सिंहनाद आणि आठही अंगांवर समंतभद्र. ही नामावली वाचताना मन विषण्ण होते, कारण यांतील बहुतेक ग्रंथ आज उपलब्ध नाहीत. उग्रादित्यांनी नावे लिहिली नसती तर असे ग्रंथ होते हेही आपल्याला कळले नसते.

कल्याणकारकाचे वैशिष्ट्य सर्वश्रुत आहे. मद्य, मांस आणि मधु या तिन्हींना त्यात औषध म्हणून स्थान नाही. वनस्पती आणि खनिजे यांवरच सारी चिकित्सा उभी आहे. आपण याकडे केवळ आचारधर्माचे पालन म्हणून पाहतो. पण उग्रादित्यांनी त्यासाठी शास्त्रार्थ केला होता. राष्ट्रकूट सम्राट नृपतुंग अमोघवर्ष यांच्या सभेत, अनेक वैद्य व विद्वान उपस्थित असताना, मांस औषध म्हणून निष्फळ आहे हे त्यांनी युक्तिवादाने मांडले. ते विवेचन ग्रंथाच्या शेवटी 'हिताहित' अध्यायात आले आहे. मांस हे पाप आहे एवढेच म्हणून न थांबता, त्याने रोग बरा होत नाही हे सिद्ध करण्याची जबाबदारी त्यांनी पत्करली. आपल्या परंपरागत औषधांविषयी बोलताना हा आदर्श आपण वारंवार विसरतो.

अमोघवर्षांची राजधानी मान्यखेट म्हणजे आजचे मळखेड. सोलापूरला लागून असलेल्या कलबुर्गी जिल्ह्यात ते आहे. हे राजे जिनसेनाचार्यांचे भक्त. प्रजेवरील अरिष्ट टळावे म्हणून त्यांनी महालक्ष्मीला आपले बोट अर्पण केले, असा उल्लेख संजान ताम्रपटात सापडतो. ही महालक्ष्मी कोल्हापूरची, असे अभ्यासक मानतात. एकाच राजाच्या काळात एकीकडे बोट कापून देणे आणि दुसरीकडे सभेत औषधाच्या गुणांवर वाद घडवून आणणे, अशा दोन्ही गोष्टी घडल्या. सार्वजनिक आरोग्याच्या इतिहासात श्रद्धा आणि परीक्षा यांचे हे सहवास्तव्य पुढेही दिसते.

पुढील काळात कन्नड प्रदेशातील जैन लेखकांनी हे कार्य लोकभाषेत नेले. बाराव्या शतकातील कीर्तिवर्म्याने गुराढोरांच्या रोगांवर 'गोवैद्य' लिहिले, तर चौदाव्या शतकात मंगराजाने विषचिकित्सेवर 'खगेंद्रमणिदर्पण' रचला. शेतकऱ्याच्या दृष्टीने पाहता साप आणि जनावराचे आजार ही दोन मोठी संकटे, आणि नेमके त्यांच्यावरच लोकभाषेत लेखन झाले. गुजरात-राजस्थानकडे श्वेतांबर यतींनी वैद्यक चालविले. हर्षकीर्तींचा 'योगचिंतामणि' तर जैनेतर वैद्यांच्याही नित्य वापरात राहिला.

खेड्यातील घराघरांत मात्र हे ज्ञान ग्रंथावाचूनच चालत आले. बाळगुटीचेच उदाहरण घेऊ. हिरडा, बेहडा, वेखंड, मुरुडशेंग, जायफळ, सुंठ, हळकुंड, अतिविष, काकडशिंगी, खारीक, बदाम. सहाणेवर दूध घालून प्रत्येकाचे ठरावीक वेढे उगाळायचे. वेखंडाचा एक वेढा, खारकेचे चार. वजनकाट्यावाचून मात्रा ठरविण्याची ही पद्धत आहे. वेखंड अधिक झाले तर बाळाला अपाय होतो, हे जाणूनच त्याचा वेढा एक. हे प्रमाण कोठे छापलेले नव्हते. ते सासूच्या मनगटातून सुनेच्या मनगटात आले.

आपल्या घरांत याला आचाराची आणखी एक चाळणी लागे. ओले आले, ओली हळद वर्ज्य. सुंठ आणि वाळलेली हळद चालते. श्वेतांबर परंपरेतील बत्तीस अनंतकायांच्या यादीत गुळवेल, शतावरी, कोरफड यांचीही गणना होते, आणि याच तर वैद्यकातील अग्रगण्य वनस्पती! त्यामुळे त्या ताज्या न घेता वाळवून, चूर्ण करून, तेही कारणापुरतेच घेण्याचा प्रघात अनेक कुटुंबांत पडला. मधाच्या अनुपानाऐवजी गूळ, तूप वा खडीसाखर आली. वाळविण्याच्या, साठविण्याच्या या सवयीमुळे आपल्या अनेक व्यापारी घरांत काष्टौषधींची चांगली पारख निर्माण झाली आणि बाजारपेठेत त्यांची दुकाने विश्वासाची ठरली. येथे एक कटू गोष्टही नमूद करणे भाग आहे. जुन्नर-आंबेगावच्या डोंगरांतील महादेव कोळी कुटुंबे हिरडा गोळा करीत, आजही करतात. जो माल पेठेत पारखून विकला गेला तो कोणत्या झाडाचा, कोणत्या महिन्यात उतरविलेला, याचे ज्ञान त्यांचे होते. व्यापाराच्या वह्यांत वजन आणि भाव लिहिले गेले. हे ज्ञान लिहिले गेले नाही.

शास्त्रदान आणि औषधदान यांची भेट आपल्याजवळ घडली ती सोलापुरात. तेथे सेठ सखाराम नेमचंद जैन औषधालय चालत होते आणि त्याच नावाची ग्रंथमालाही होती. १९४० मध्ये या ग्रंथमालेतून सेठ गोविंदजी रावजी दोशी यांनी कल्याणकारक प्रसिद्ध केला. पं. वर्धमान पार्श्वनाथ शास्त्री यांनी त्याचे संपादन व हिंदी भाषांतर केले. सुमारे अकराशे वर्षे ताडपत्रांत आणि हस्तलिखितांत राहिलेला ग्रंथ, रुग्णांना औषध देणाऱ्या संस्थेच्या नावाने छापून निघाला. कापडगिरण्यांच्या त्या शहरात मोठ्या संख्येने मजूर वस्ती होती, हे ध्यानी घेतले म्हणजे या जोडीचे महत्त्व कळते. पुढे गोविंदजी रावजींच्या नावाने सोलापुरात आयुर्वेद महाविद्यालयही उभे राहिले.

सरकारी आरोग्यव्यवस्थेची वाट निराळी होती. मुंबई प्रांतात १९३८ च्या कायद्याने वैद्यांच्या नोंदणीची सोय झाली. १९४६ च्या भोर समितीने खेड्यापर्यंत आरोग्यकेंद्रे नेण्याचा पाया घातला, पण देशी वैद्यकाला त्या आराखड्यात स्थान जवळजवळ नव्हते. त्याचा विचार करण्यास चोपडा समिती स्वतंत्रपणे नेमावी लागली. १९५२ पासून प्राथमिक आरोग्यकेंद्रे सुरू झाली. १९७८ च्या अल्मा-आटा घोषणेने पारंपरिक उपचारकांना प्राथमिक आरोग्यसेवेत सहभागी करून घेण्याचा विचार मांडला. आपल्याकडे 'आयुष' हे नाव २००३ मध्ये आले, २००५ च्या ग्रामीण आरोग्य अभियानाने आयुष वैद्यांना आरोग्यकेंद्रांत आणले आणि २०१४ मध्ये स्वतंत्र मंत्रालय झाले. पदवीधर वैद्य केंद्रात आला. बांधावरची वनस्पती ओळखणारी आजी मात्र दाराबाहेरच राहिली.

तिला विचारण्याचे काम काहींनी केले. गडचिरोलीत डॉ. राणी बंग यांनी तेथील स्त्रियांकडून झाडांविषयीचे ज्ञान ऐकून 'गोईण' हे पुस्तक सिद्ध केले. २००२ च्या जैवविविधता कायद्याने गावोगावी लोकांच्या नोंदवह्या करण्याची तरतूद केली, डॉ. माधव गाडगीळ यांनी या कल्पनेचा दीर्घकाळ पाठपुरावा केला होता. लिहिलेल्या शब्दाचे बळ किती असते ते हळदीने दाखवून दिले. जखमेवर हळद लावण्याचे पेटंट अमेरिकेत १९९५ मध्ये दिले गेले, तेव्हा डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या नेतृत्वाखालील वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने जुने ग्रंथ आणि छापील लेख पुरावा म्हणून पुढे केले आणि १९९७ मध्ये ते पेटंट रद्द झाले. घराघरांतली आजी हळद लावीत आली, हे सांगून ते रद्द झाले नसते.

परंतु लिहिणे म्हणजे डोळे मिटून स्वीकारणे नव्हे, आणि येथे पुन्हा उग्रादित्यांचा हिताहित विचार आठवावा. सर्पगंधेचे मूळ खेड्यांत वेडावर आणि सर्पदंशावर दिले जाई. मुंबईचे डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ मध्ये ते रक्तदाबावर परिणामकारक असल्याचे इंग्लंडमधील नियतकालिकात मांडले आणि जगाने त्याची दखल घेतली. सर्पदंशावर मात्र त्याचा उपयोग नाही. तेथे प्रतिविषच हवे. ईश्वरीच्या मुळीचीही ख्याती सर्पदंशावरची. तिच्यातील घटक मूत्रपिंडांना घातक असल्याचे आता निश्चित झाले आहे. महाडजवळच्या बिरवाडी आरोग्यकेंद्रात १९७६ पासून काम करणाऱ्या डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी पाहिले की विंचूदंशावर पाला आणि मंत्र चालू असताना माणसे हृदय निकामी होऊन दगावत आहेत. प्राझोसिन हे साधे, स्वस्त औषध त्यांनी वापरात आणले आणि हे मृत्यू मोठ्या प्रमाणात टळले. याउलट अडुळशाच्या पानांतील घटकावरूनच ब्रोमहेक्सिन हे खोकल्याचे आधुनिक औषध तयार झाले. कुड्याची साल आवेवर उपयुक्त आहे. पण जुलाबाने बाळ सुकू लागले तर आधी मीठ-साखरेचे पाणी अथवा मीठ घातलेली पेज, आणि मग इतर काही. कोणते ज्ञान ठेवावे आणि कोणते सोडावे, हे वनस्पतीगणिक ठरवावे लागते. सरसकट गौरव आणि सरसकट उपहास ही दोन्ही आळसाची रूपे आहेत.

आपल्या मंदिरांच्या शास्त्रभांडारांत सिद्धान्तग्रंथांच्या शेजारी वैद्यकाचे गुटके असतात. सूची करताना ते किरकोळ म्हणून बाजूला पडतात. अनेक घरांतून आजोबांच्या बाडांत काढ्यांची, लेपांची, मलमांची टिपणे आहेत. घर पाडताना वा स्थलांतर करताना ती रद्दीत जातात. ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवी वर्षात अशी बाडे एकत्र करून त्यांच्या छायाप्रती काढण्याचे काम हाती घेता येईल. त्यास फार खर्च येणार नाही. फक्त बाड मिळाले म्हणजे काम झाले असे समजू नये. रास्ना या नावाने निरनिराळ्या प्रांतांत निरनिराळ्या वनस्पती विकल्या जातात, शंखपुष्पीचीही तीच गत आहे. बाडात 'ब्राह्मी' असे लिहिलेले असते. या नावाच्या दोन वनस्पती आहेत. एकीची पाने बारीक, जाडसर, तर दुसरीची वाटोळी, ओढ्याकाठी पसरणारी. लिहिणाऱ्याने कोणती वापरली ते कागद सांगत नाही. ज्या आजीने लहानपणी ती ओढ्यावरून खुडून आणली होती, तिला टिपण करणाऱ्याने बाड वाचून दाखवावे आणि ती बोट दाखवील ते पान त्याच नोंदीसमोर वाळवून चिकटवावे.