मासळी, हृदय आणि ग्रीनलंडची कहाणी

आजाऱ्यांच्या भेटीस गेलो असता औषधांच्या पट्ट्यांशेजारी माशाच्या तेलाच्या पिवळ्या गोळ्यांची बाटली अनेकदा आमच्या दृष्टीस पडते. ‘ह्या घेतल्या की हृदयाची चिंता नाही,’ असे घरची मंडळी विश्वासाने सांगतात. हा विश्वास कोठून आला, याचा मागोवा घेणे आम्हांस अगत्याचे वाटते; कारण त्याच्या भरवशावर कोणी डॉक्टरांचे औषध बंद केले, तर ते जिवावर बेतू शकते.

या कहाणीचा आरंभ होतो १९७० साली. डेन्मार्कमधील ऑल्बोर्गचे हान्स ओलाफ बांग आणि यॉर्न डायरबर्ग हे दोन संशोधक ग्रीनलंडच्या वायव्येकडील उमानाक परिसरात गेले. तेथील इनुइट लोकांचे (त्या काळी त्यांना एस्किमो म्हणत) अन्न म्हणजे मुख्यतः सील, देवमासा आणि मासळी. आहारात चरबी विपुल, भाजीपाला नगण्य. तरीही त्यांच्यात हृदयविकार विरळा, असे सरकारी नोंदींवरून मानले जाई. हे कोडे उलगडण्यासाठी या संशोधकांनी १३० जणांचे रक्त तपासले. डेन्मार्कमधील लोकांच्या मानाने त्यात कोलेस्टेरॉल व ट्रायग्लिसराइड ही दोन्ही कमी आढळली. हा निष्कर्ष १९७१ साली ‘द लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. पुढे त्या रक्तात ओमेगा-३ वर्गातील मेदाम्ले मोठ्या प्रमाणात असल्याचे दिसून आले. या मेदाम्लांमुळे रक्ताची गुठळी सहजी होत नसावी, असे मत त्यांनी १९७८ साली मांडले.

ऑक्सफर्डचे आहारशास्त्रज्ञ ह्यू सिंक्लेअर यांनी तर १९७९ साली स्वतःच्याच देहावर प्रयोग केला. शंभर दिवस त्यांनी केवळ सील आणि मासळी भक्षण केली. जखमेतील रक्त थांबण्यास त्यांना पूर्वी काही मिनिटे लागत. तो काळ सुमारे पन्नास मिनिटांवर गेला. जे मेदाम्ल गुठळीला अटकाव करते, तेच अतिरेक झाल्यास रक्तस्रावास वाट करून देते, हे यातून उघड झाले.

त्यानंतर युरोपातून आशादायक वार्ता येऊ लागल्या. नेदरलँड्समधील झुत्फेन गावच्या ८५२ पुरुषांची वीस वर्षे पाहणी झाली. रोज किमान ३० ग्रॅम मासळी खाणाऱ्यांत हृदयविकाराने झालेले मृत्यू मासळी न खाणाऱ्यांच्या निम्म्याहूनही कमी होते, असे १९८५ साली प्रसिद्ध झाले. १९८९ साली वेल्समधील मायकेल बर यांनी हृदयविकाराच्या झटक्यातून वाचलेल्या २,०३३ पुरुषांवरील प्रयोगाचे निष्कर्ष मांडले. ज्यांना आठवड्यातून दोनदा तेलकट मासळी खाण्याचा सल्ला दिला होता, त्यांच्यात दोन वर्षांतील मृत्यू २९ टक्क्यांनी घटले होते.

परंतु सत्यशोधनाचा मार्ग सरळ नसतो. त्याच बर यांनी छातीच्या वेदनेने त्रस्त ३,११४ पुरुषांवर दुसरा प्रयोग केला. २००३ साली जाहीर झालेल्या त्याच्या निष्कर्षांत लाभ दिसला नाही. उलट गोळ्या घेणाऱ्यांत हृदयविकाराने झालेले मृत्यू अधिक आढळले. २०१४ साली कॅनडातील संशोधकांनी ग्रीनलंडचे मूळ लेख पुन्हा वाचले आणि एक मर्मभेदी गोष्ट दाखवून दिली. बांग व डायरबर्ग यांनी रक्त तपासले होते, हृदये तपासली नव्हती. हृदयविकार विरळा हे त्यांनी नोंदींवरून गृहीत धरले होते. आणि दूरच्या वस्त्यांत डॉक्टरच नसल्याने त्या नोंदीच अपुऱ्या होत्या. २०१८ साली मोठ्या चाचण्यांचे निकाल आले. त्यांतील एकीत १५,४८० मधुमेही, तर दुसरीत २५,८७१ प्रौढ सहभागी होते. रोज एक ग्रॅम तेलाच्या गोळीने हृदयविकाराचे झटके, पक्षाघात आणि असे मृत्यू यांची एकूण संख्या लक्षणीयरीत्या घटली नाही.

मग मासळी निरुपयोगी ठरली काय? मुळीच नाही. अमेरिकन हार्ट असोसिएशनने २०१८ साली आठवड्यातून एक-दोन वेळा न तळलेली मासळी खाण्याचा सल्ला दिला. विशेषतः ती कमी हितकारक अन्नाच्या जागी आली, तर लाभ अधिक. मासळीबरोबर प्रथिनेही मिळतात आणि ताटातील चरबीयुक्त मांस मागे सरते. बाटलीतील गोळी हे काम करू शकत नाही. शुद्ध ईपीए मेदाम्लाचे मोठ्या मात्रेतील औषध काही रुग्णांस दिले जाते खरे. परंतु मोठ्या मात्रेने हृदयाचे ठोके अनियमित होण्याचा धोका वाढतो, म्हणून तो निर्णय डॉक्टरांचाच.

वाचकहो, आपल्या किनाऱ्यावरील बांगडा आणि तारली हीदेखील तेलकट मासळीच होय. आठवड्यातून एक-दोनदा तिचे कमी तेलातले कालवण करावे. रक्तदाब असलेल्याने खारवलेली सुकी मासळी बेताने खावी. आणि उशाशी बाटली असलीच, तर तिच्यामुळे शेजारच्या पट्टीतील एकही गोळी चुकणार नाही, एवढे घरच्यांनी पाहावे.