चुकांची वही

मी संगणकशास्त्राचा पदवीधर नाही, हे आरंभीच सांगितलेले बरे. दहावीनंतर मी एका कारखान्यात उमेदवार म्हणून लेथवर उभा राहिलो. पुढचे जे काही शिक्षण झाले, ते युनियनच्या कचेरीत आणि सार्वजनिक वाचनालयात. मग सॉफ्टवेअर तयार करण्याच्या पद्धती कशा सुधारत गेल्या, ह्या विषयावर बोलण्याचा मला अधिकार काय, असे कोणी विचारील. माझे उत्तर इतकेच, की हाही अखेर काम करणारा आणि त्याच्या कामाचे माप घेणारा ह्या दोघांचा इतिहास आहे; आणि ह्या दोघांच्या मधल्या जागेत माझी तीस वर्षे गेली आहेत.

प्रथम एक अनुभव सांगतो. आमच्या कारखान्यात प्रत्येक मशीनपाशी रिजेक्शनची वही असे. जॉब बिघडला की कामगार आपल्या हाताने त्यात लिही : हत्यार झिजले, माल कठीण आला, सेटिंग हलले. पुढे नवे साहेब आले आणि त्या वहीवरून मेमो निघू लागले. तीन महिन्यांत वही कोरी झाली. कचेरीत आनंदीआनंद झाला! पण बिघडलेले जॉब लॉकरमागे आणि भंगाराच्या ढिगात जात होते. काही तर चांगल्या मालात मिसळून थेट गिऱ्हाइकापर्यंत पोहोचत होते. चुका कमी झाल्या नव्हत्या. त्या सांगणारे तोंड तेवढे बंद झाले होते.

मोजमापाविषयी कामगाराच्या मनात जो संशय असतो, त्याला जुना इतिहास आहे. अमेरिकेत फ्रेडरिक टेलर ह्यांनी हातात घड्याळ घेऊन कामाचे तुकडे पाडण्याचे शास्त्र मांडले. १९११ साली मॅसॅच्युसेट्समधील वॉटरटाउनच्या सरकारी शस्त्रागारात ते घड्याळ ओतशाळेत आले, तेव्हा तेथील साचेकार काम सोडून बाहेर पडले. अमेरिकन काँग्रेसने त्याची चौकशी केली आणि पुढे सरकारी शस्त्रागारांत अशा कालमापनावर बंदी आली. आपल्या मुंबईत गिरणीमालकांनी सुसूत्रीकरणाच्या नावाखाली दोनांऐवजी तीन माग विणकरावर सोपवावयास आरंभ केला. १९२८ सालचा सुमारे सहा महिन्यांचा आणि दीड लाख कामगारांचा संप ज्या कारणांनी झाला, त्यांत हे एक प्रमुख कारण होते. माप घेण्यास कामगाराचा मुळात विरोध नसतो. ते माप कोणाच्या हाती जाणार आणि कोणाविरुद्ध वापरले जाणार, एवढाच त्याचा प्रश्न असतो.

आता संगणकाकडे वळू. १९६८ च्या ऑक्टोबर महिन्यात पश्चिम जर्मनीतील गार्मिश येथे नाटोच्या आश्रयाने सुमारे पन्नास तज्ज्ञ जमले. यंत्रे वेगाने वाढत होती, पण त्यांना चालविणारे सॉफ्टवेअर वेळेवर होत नव्हते, खर्च हाताबाहेर जात होता आणि चुका संपत नव्हत्या. ‘सॉफ्टवेअर इंजिनिअरिंग’ हे नाव ह्या परिषदेने रूढ केले. पुढच्याच वर्षी जपानमध्ये हिताची कंपनीने सॉफ्टवेअरसाठी स्वतंत्र कारखाना उभारला. दिरंगाईवरचा व्यवस्थापकांचा आवडता उपाय म्हणजे माणसे वाढविणे. पण उशीर झालेल्या कामावर आणखी माणसे घातली तर त्याला अधिकच उशीर होतो, हे आयबीएमच्या एका प्रचंड प्रकल्पाचा कारभार पाहिलेल्या फ्रेडरिक ब्रुक्स ह्यांनी १९७५ साली अनुभवाने सांगितले.

ह्या पार्श्वभूमीवर १९७६ साली आयबीएममधील मायकेल फेगन ह्यांनी एक पद्धत प्रसिद्ध केली. ती ऐकावयास साधी आहे. प्रोग्रॅम यंत्रावर तपासण्याआधी चार माणसांनी एकत्र बसावयाचे. एकाने बैठक चालवावयाची, एकाने प्रोग्रॅमचा अर्थ ओळीमागून ओळ सांगत जावयाचे, लिहिणारा आणि चाचणी घेणारा हे उरलेले दोघे. बैठक दोन तासांहून लांबवावयाची नाही. चूक सापडली की नोंदवावयाची; ती दुरुस्त कशी करावी ह्याचा काथ्याकूट तेथे करावयाचा नाही. चूक जितकी उशिरा सापडते तितकी महाग पडते, हे ह्या पद्धतीमागचे गणित. परंतु मला सर्वांत महत्त्वाची वाटते ती फेगन ह्यांची ताकीद : ह्या नोंदींचा उपयोग प्रोग्रॅमरची कामगिरी ठरविण्यासाठी करू नये. तसे केले तर माणसे चुका दाखविणार नाहीत आणि सगळी पद्धतच मरेल. आमच्या कोऱ्या वहीचे मर्म त्यांनी आमच्या आधीच ओळखले होते.

दुसरे नाव वॉट्स हम्फ्री ह्यांचे. आयबीएममध्ये अनेक वर्षे काढून १९८६ साली ते पिट्सबर्गच्या कार्नेगी मेलन विद्यापीठातील सॉफ्टवेअर इंजिनिअरिंग इन्स्टिट्यूटमध्ये आले. ही संस्था १९८४ साली अमेरिकन संरक्षण खात्याच्या पैशाने निघाली होती. कोणत्या कंपनीला काम द्यावे हे ठरविण्यासाठी खात्याला कसोटी हवी होती. त्यातून पाच पायऱ्यांची शिडी तयार झाली. पहिल्या पायरीवर सारा गोंधळ. पाचव्या पायरीवर स्वतःच्या चुकांपासून सतत शिकणारी संस्था. १९९१ साली ती ‘कपॅबिलिटी मॅच्युरिटी मॉडेल’ ह्या नावाने बाहेर पडली. हम्फ्री ह्यांनी एवढ्यावर न थांबता प्रत्येक प्रोग्रॅमरने आपला वेळ व आपल्या चुका स्वतः कशा नोंदवाव्या, हेही शिकविले. त्यांचा आग्रह असा, की त्या नोंदी त्या माणसाच्याच मालकीच्या. वरिष्ठाने त्या मागू नयेत.

ही शिडी खरोखर चढलेल्यांचे उदाहरणही आहे. ह्यूस्टन येथे अंतराळयानाचे सॉफ्टवेअर लिहिणारा जो गट होता, त्याच्या सुमारे ४,२०,००० ओळींच्या प्रोग्रॅमच्या लागोपाठ तीन आवृत्त्यांत, १९९६ साली प्रसिद्ध झालेल्या वृत्तांतानुसार, प्रत्येकी एकच चूक निघाली. त्या गटाची रीत अशी, की चूक झाली तर दोष माणसाला न देता पद्धतीला द्यावयाचा. ही चूक आपल्या हातून निसटली कशी, असे विचारून ती वाटच बंद करावयाची.

पुढे भारतीय कंपन्या ह्या शिडीवर चढल्या. परदेशी गिऱ्हाइकाला विश्वास वाटावा म्हणून पाचव्या पायरीचे प्रमाणपत्र मिळविण्याची चढाओढ लागली आणि पाचव्या पायरीवरील संस्थांत भारताचा वाटा मोठा झाला. त्यामागे असंख्य तरुण-तरुणींचे कष्ट आहेत; त्यांना कमी लेखण्याचे कारण नाही. तथापि प्रमाणपत्र भिंतीवर लागले म्हणजे भीती दारातून बाहेर गेली, असे होत नाही. २००१ च्या फेब्रुवारीत अमेरिकेतील यूटा राज्यात सतरा प्रोग्रॅमर जमले आणि कागदी पद्धतीहून माणसे व त्यांचा परस्परसंवाद ह्यांचे मोल अधिक आहे, असा जाहीरनामा त्यांनी काढला. पण ह्या विचाराच्या पद्धतींतील रोजच्या छोट्या बैठकीचीही काही ठिकाणी हजेरी झाली. कामाच्या अंदाजाचे आकडे माणसाला माणसाशी ताडून पाहण्यासाठी वापरले गेले.

संध्याकाळी युनियनच्या कचेरीत संगणक-कंपन्यांतली मुले कधी कधी येतात. त्यांच्यापैकी एकीने मला विचारले, “काका, माझी चूक मीच सांगितली, आणि वर्षाच्या मूल्यमापनात तीच माझ्याविरुद्ध लिहून आली. पुढच्या वेळी सांगू का नको?” तिला मी काय सांगावे? सांग म्हटले तर तिची भाकरी जाईल; नको म्हटले तर उद्या एखाद्या रुग्णाच्या यंत्रात वा रेल्वेच्या सिग्नलमध्ये ती चूक दडून राहील.

म्हणून माझे मागणे लहान आहे. फेगन आणि हम्फ्री ह्यांनी जो नियम पद्धतीच्या गाभ्याशी ठेवला, तो मालकाच्या मर्जीवर न सोडता करारात लिहिला जावा : चुकांच्या वहीवरून कोणाचाही पगार वा नोकरी ठरणार नाही. ती वही भरलेली दिसली, तर ते कारखान्याच्या प्रकृतीचे लक्षण समजावे. कोरी वही पाहून मात्र शहाण्या व्यवस्थापकाने घाबरावे.