कह्यात नसलेला मुलगा

आपल्याकडच्या वर्तमानपत्रांत निधनवार्तांइतक्याच नेमाने वाचला जाणारा मजकूर म्हणजे जाहीर नोटीस. ‘आमचा मुलगा आमच्या कह्यात नाही, त्याच्याशी कोणी व्यवहार केल्यास आम्ही जबाबदार राहणार नाही.’ गुजराती पत्रात हेच वाक्य ‘कह्यामां नथी’ असे येते. दोन्ही भाषांतली पत्रे घेणाऱ्या आम्हा बडोदेकर मराठी कुटुंबांना हा शब्द दोन्हीकडे सारखाच भेटतो. कारण बहुधा कर्जाचे, दारूचे, नाहीतर न पटलेल्या लग्नाचे असते. 2006 साली मात्र शेजारच्या राजपिपळ्याच्या राजघराण्यातून, खुद्द आईच्या नावाने, अशी नोटीस निघाली आणि तिच्या मुळाशी यांतले काहीच नव्हते. मुलाने आपण समलिंगी असल्याचे उघड सांगितले होते.

राजपिपळा हे नर्मदाकाठचे गोहिल राजपुतांचे, 13 तोफांच्या सलामीचे संस्थान. गायकवाड तेथून खंडणी घेत, त्यामुळे बडोद्याच्या इतिहासात हे नाव वरचेवर येते. तेथील युवराज मानवेंद्रसिंह यांचा जन्म 1965 चा. 1991 साली झाबुआच्या राजकन्येशी त्यांचे लग्न लावून देण्यात आले. लग्न झाले की सारे सुरळीत होईल, असे आपल्यालाही वाटत होते, हे त्यांनीच पुढे मुलाखतींतून सांगितले आहे. तो संसार फार काळ टिकला नाही. या सगळ्या हकिकतीत मला सर्वांत जास्त वाईट वाटते ते त्या मुलीचे. वर्तमानपत्रांनी युवराजांवर रकाने लिहिले; जिला काहीही न सांगता बोहल्यावर उभी केली, तिच्याविषयी चार ओळींच्या पुढे कोणी गेले नाही. ‘लग्न करून टाका, होईल ठीक’ हा सल्ला आपल्या घरांतूनही सर्रास दिला जातो, आणि त्याची किंमत परक्या घरच्या मुलीने मोजायची असते.

2002 साली युवराजांना मानसिक आजाराने गाठले, तेव्हा उपचार करणाऱ्या डॉक्टरांकडून आईवडिलांना खरी गोष्ट कळली. मग हे ‘बरे’ करण्याची धडपड सुरू झाली. वास्तविक जागतिक आरोग्य संघटनेने 1990 सालीच समलिंगी आकर्षण आजारांच्या यादीतून काढून टाकले होते. पुढे मार्च 2006 मध्ये एका गुजराती दैनिकात त्यांची मुलाखत आली. राजपिपळ्यात त्यांचे पुतळे जाळले गेले, आणि पाठोपाठ ती नोटीस: समाजाला न रुचणाऱ्या वर्तनामुळे मुलाचा मालमत्तेवर हक्क उरलेला नाही.

कायद्याने पाहिले तर अशा नोटिसांत फारसा दम नसतो. वडिलार्जित मालमत्तेतला जन्माचा हक्क छापील चार ओळींनी जात नाही. पण नोटीस काढणाऱ्यांचा रोख कोर्टाकडे नसतोच मुळी. ती गावाला, सोयऱ्यांना उद्देशून असते: आम्ही यातले नाही.

येथे भारतीय दंड संहितेचे कलम 377 आठवते. 1837 साली मेकॉलेच्या आयोगाने मसुदा केला, 1860 मध्ये संहिता झाली आणि 1 जानेवारी 1862 पासून अमलात आली. ‘निसर्गक्रमाविरुद्ध’ शरीरसंबंधाला जन्मठेप किंवा 10 वर्षांपर्यंत कैद. दोघे प्रौढ आहेत की नाहीत, राजीखुशीने आहेत की नाहीत, याला त्यात जागाच नव्हती. परंतु एक गोष्ट ध्यानात घ्यावी. हे कलम कृत्याला शिक्षा करत होते. ‘मी असा आहे’ एवढे म्हणणे परक्या साहेबाच्या कायद्यातही गुन्हा नव्हता. म्हणण्याला शिक्षा होती ती घरची.

म्हणून माणूस घरी सांगण्याआधी कुणातरी तिऱ्हाइताला विचारतो. मराठीत तशी एक जागा फार पूर्वी होती. र. धों. कर्वे यांनी 1927 साली सुरू केलेल्या ‘समाजस्वास्थ्य’मध्ये वाचकांच्या लैंगिक शंकांना उत्तरे दिली जात. हस्तमैथुन आणि समलिंगी संबंध यांविषयीच्या अशाच उत्तरांवरून 1934 साली कर्व्यांवर अश्लीलतेचा खटला झाला. त्यांचे वकीलपत्र घेतले डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी. वाचक विचारत असतील तर उत्तर देणे हे अशा मासिकाचे कामच आहे, ही त्यांची भूमिका, आणि हॅवलॉक एलिससारख्या अभ्यासकांचे आधार त्यांनी दिले. खटला हरला, कर्व्यांना 200 रुपये दंड झाला. मासिक मात्र ते 1953 पर्यंत, मरेपर्यंत, चालवत राहिले. दंड उत्तर देणाऱ्याला झाला, पण प्रश्न विचारणारे वाचकही आपल्यातलेच होते, हे आपण सोयीने विसरलो.

न्यायालयांतला पुढचा प्रवास बहुतेकांना ठाऊक आहे. 2 जुलै 2009 रोजी दिल्ली उच्च न्यायालयाने प्रौढांच्या संमतीच्या संबंधांपुरते ते कलम दूर केले. 11 डिसेंबर 2013 रोजी सर्वोच्च न्यायालयाने ते परत आणले. या मधल्या काळातली एक गोष्ट मला निकालांहून मोठी वाटते. समलिंगी मुलामुलींचे काही आईवडील स्वतः सर्वोच्च न्यायालयात गेले आणि या कलमाने आमची घरे भरडली जातात असे त्यांनी सांगितले. ज्या नात्याने राजपिपळ्याची नोटीस निघाली, त्याच नात्याने हे अर्ज झाले. 2013 साली ते हरले. 6 सप्टेंबर 2018 रोजी पाच न्यायाधीशांनी एकमताने कलमाचा तो भाग रद्द केला, तेव्हा न्या. इंदू मल्होत्रा यांनी लिहिले की इतिहासाने या लोकांची क्षमा मागायला हवी, आणि त्यांच्या कुटुंबीयांचीही.

त्याच वर्षी मानवेंद्रसिंहांनी हनुमंतेश्वरची आपली जागा घराने टाकलेल्यांच्या आसऱ्यासाठी खुली करण्याचे जाहीर केले. नोटिशीने बाहेर काढलेल्याने नर्मदाकाठी दार उघडले.

17 ऑक्टोबर 2023 रोजी सर्वोच्च न्यायालयाने समलिंगी विवाहाला मान्यता देण्यास नकार दिला. कोणते हक्क देता येतील हे केंद्राच्या समितीवर सोपवले. 2024 च्या ऑगस्ट-सप्टेंबरात काही पत्रके निघाली. अशा जोडप्याला रेशनकार्डावर एक कुटुंब धरावे. बँकेत संयुक्त खाते काढता यावे, जोडीदाराचे नाव नॉमिनी म्हणून लावता यावे. आरोग्य खात्याने राज्यांना कळवले की इस्पितळात मृत्यू झाल्यास जोडीदाराला पार्थिव ताब्यात मागता येईल. जवळचे नातेवाईक उपलब्ध नसतील तेव्हा.