गळ, गिऱ्हाईक आणि तांडेल

कोकणच्या किनाऱ्यावरील एखाद्या कोळ्याला जर कोणीं सांगितलें कीं, जगाच्या दुसऱ्या टोकास एक सुखवस्तु गृहस्थ पहांटे उठतो, पैसे मोजून दुसऱ्याच्या होडींत बसतो, दिवसभर उन्हांत आणि खाऱ्या वाऱ्यांत गळ धरून राहतो, आणि सायंकाळीं रिकाम्या हातानें परत आला तरी स्वतःला धन्य मानतो, तर त्या कोळ्याला हंसूं आल्यावांचून राहणार नाहीं. ज्याच्या घरची चूल समुद्रावर पेटते त्याला समुद्र शेतासारखा असतो; आणि शेतांत नांगर धरूं द्या म्हणून कोणी भाडें देऊं लागला तर नवल वाटणें स्वाभाविकच आहे. तथापि अमेरिकेच्या दोन्ही किनाऱ्यांवर हा व्यवहार शंभर वर्षांहून अधिक काळ चालत आला आहे. वरवर पाहतां हा करमणुकीचा इतिहास आहे. खोल पाहिलें असतां तो विश्वासाचा इतिहास आहे. गिऱ्हाईक पैसे देतें तें कशासाठीं? माशासाठीं, समुद्रावरील एका दिवसासाठीं, कीं होडी चालविणाऱ्याच्या शहाणपणासाठीं? या प्रश्नाचें उत्तर निरनिराळ्या काळीं निरनिराळें मिळालें, आणि एके दिवशीं तें चुकलें तेव्हां त्याची किंमत अनेकांनीं आपल्या प्राणांनीं चुकविली.

कॅलिफोर्नियाच्या दक्षिण किनाऱ्यासमोर वीस-बावीस मैलांवर सांता कॅटलिना नांवाचें एक डोंगराळ बेट आहे. त्याच्या ॲव्हलॉन या बंदरांत एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हवापालटासाठीं श्रीमंत मंडळी येऊं लागली. तेथील नावाडी त्यांना होडींतून नेत, आणि हीं गिऱ्हाइकें जाड दोरीला गळ बांधून हातांनींच मासे ओढून काढीत. मासे इतके विपुल होते कीं, खाण्याचा प्रश्नच नसे. किनाऱ्यावर ढीग पडत आणि ते कुजून जात. चार्लस फ्रेडरिक होल्डर या निसर्गाभ्यासी लेखकाला हा प्रकार पाहून उद्वेग आला. त्यानें इ. स. १८९८ सालीं ॲव्हलॉन येथें ‘ट्यूना क्लब’ ही संस्था स्थापन केली. ट्यूना म्हणजे आपल्याकडील कुप्याच्या कुळांतीलच मासा. पण त्या समुद्रांतील त्याची मोठी जात शेंकडों पौंड वजनाची होते. क्लबचा नियम सोपा पण कठोर होता. मासा काठी, चक्री आणि बारीक दोर यांच्याच बळावर खेळवून आणावयाचा, आणि दुसऱ्या कोणीहि काठीला हात लावावयाचा नाहीं. शंभर पौंडांहून मोठा ट्यूना अशा रीतीनें आणील त्याला क्लबांत मानाचें स्थान मिळे.

होल्डरनें स्वतः १८३ पौंडांचा ट्यूना काठीवर आणला. ही झुंज पावणेचार तास चालली. माशानें होडी कित्येक मैल फरफटत नेली. या पराक्रमाच्या वर्णनांत काठी होल्डरच्या हातीं आहे. परंतु वल्हीं जिम गार्डनर नांवाच्या नावाड्याच्या हातीं होतीं, ही गोष्ट वाचतांना सहज नजरेआड होते. मासा ओढीत असतां होडीचें तोंड कोणत्या दिशेस ठेवावें, लाट बाजूवर येऊं न देतां माशाला विरोध कसा करावा, कोणत्या क्षणीं आंकडा टाकावा, हें सर्व नावाडी जाणत होता. क्लबच्या नियमाप्रमाणें त्यानें काठीला स्पर्श करावयाचा नव्हता. आणि तरीहि त्याच्यावांचून काठी निरुपयोगी होती. गिऱ्हाइकाचा मान राखावयाचा, त्याचें यश त्याचेंच राहूं द्यावयाचें, आणि त्याचा जीव मात्र आपल्या जबाबदारीवर घ्यावयाचा, असा हा विलक्षण धंदा प्रथमपासूनच होता.

त्याच ॲव्हलॉनमध्यें जॉर्ज फार्न्सवर्थ हा तांडेल पुढें प्रसिद्धीस आला. कोकणांत होडीच्या प्रमुखास तांडेल म्हणतात. अमेरिकेंतील कप्तानाचें काम ध्यानांत आणलें तर त्यालाहि हेंच नांव शोभतें. होडीच्या यंत्राच्या आवाजानें ट्यूना बुजतो, हें फार्न्सवर्थनें ओळखलें. त्यानें दोर पतंगाला अडकविला. पतंग वाऱ्यावर होडीपासून दूर उडे, आणि खालीं आमिषाचा मासा पाण्याच्या पृष्ठभागावर उड्या मारीत असल्यासारखा नाचे. पाहणाऱ्याला पोरखेळ वाटावा अशा या युक्तीनें त्या बेटावरील मासेमारीचें स्वरूप पालटलें. विल्यम बॉशेन हा त्याचा नेहमींचा गिऱ्हाईक. १९१३ सालीं बॉशेननें ३५५ पौंडांचा तलवार-मासा काठीवर आणला, आणि असा मासा काठीवर आणणारा पहिला मनुष्य म्हणून त्याचें नांव नोंदलें गेलें. होडी फार्न्सवर्थची होती. मासा शोधला कोणीं आणि आणला कोणीं, असा वाद या दोघांत कधीं झाला नाहीं. कारण दोघांचा परस्परांवर भरवसा होता. या धंद्याचें उत्तम रूप कोणतें, असें विचारल्यास या जोडीकडे बोट दाखवितां येईल.

१९३९ सालीं न्यूयॉर्क येथें आंतरराष्ट्रीय मासेमारी-क्रीडा संघ स्थापन झाला, आणि ‘दुसऱ्यानें काठीला हात लावूं नये’ हा ॲव्हलॉनचा नियम जगभर मान्य झाला. परंतु गिऱ्हाईक आणि तांडेल यांच्यामधील पैशाच्या नात्याविषयीं अशा संस्थांना नियम करतां येईना. तें नातें किती नाजूक असूं शकतें, याचें चित्र एका कादंबरींत उमटलें आहे. फ्लॉरिडाच्या दक्षिण टोकास असलेल्या की वेस्ट येथें अर्नेस्ट हेमिंग्वे हा लेखक राहत असे. १९३२ सालीं तो तेथील जो रसेल या तांडेलाची ‘अनिता’ बोट भाड्यानें घेऊन क्यूबाच्या समुद्रांत मोठ्या माशांच्या मागें गेला होता. १९३७ सालीं प्रसिद्ध झालेल्या त्याच्या ‘टु हॅव अँड हॅव नॉट’ या कादंबरीचा नायक असाच एक भाडोत्री बोटीचा तांडेल आहे. त्याचें गिऱ्हाईक काठी नीट धरीत नाहीं, सांगितलेलें ऐकत नाहीं, महागडी काठी आणि चक्री समुद्रांत घालवितें, आणि शेवटीं अनेक दिवसांचें भाडें बुडवून विमानानें पसार होतें. त्या एका बुडालेल्या भाड्यानें तांडेल कर्जांत पडतो आणि गुन्हेगारीच्या मार्गाला लागतो. कथा कल्पित आहे. पण तिच्यांतील अर्थशास्त्र कल्पित नाहीं. गिऱ्हाईक एका दिवसाचा पाहुणा असतें. तांडेलाचें घर, कर्ज आणि बोट हीं सर्व त्या दिवसावर उभीं असतात. म्हणूनच गिऱ्हाइकाला ‘नाहीं’ म्हणणें तांडेलाला सर्वांत कठीण जातें.

हें कठीण काम अधिकच कठीण झालें तें या धंद्याचें लोकशाहीकरण झालें तेव्हां. संबंध बोट भाड्यानें घेणें श्रीमंतांनाच परवडे. कारखान्यांत आणि कचेऱ्यांत काम करणाऱ्या सामान्य माणसासाठीं दुसरी पद्धत निघाली. बोट ठराविक वेळीं सुटावयाची, आणि प्रत्येकानें माणशीं दर देऊन तिच्यांत बसावयाचें. ही पद्धत न्यूयॉर्कच्या आसपास विशेष फोफावली. शहराच्या पूर्वेस शंभराहून अधिक मैल पसरलेल्या लाँग आयलंड या बेटाच्या अगदीं टोकाला मॉन्टॉक नांवाचें स्थळ आहे. रेल्वे कंपनीनें तेथपर्यंत खास मच्छीमारांसाठीं गाडी सोडली. पहांटेच्या अंधारांत शहरांतून निघालेली ती गाडी धक्क्याजवळ थांबतांच माणसें काठ्या आणि डबे घेऊन बोटींकडे धांवत सुटत. कारण चांगली जागा आधीं येईल त्याची. धक्क्याला नांवहि मोठें गंमतीचें होतें, ‘फिशँग्री-ला’. मासा आणि एका कादंबरींतील कल्पित स्वर्गभूमि यांचा तो संधि होता. आठवडाभर यंत्राशीं झगडणाऱ्या मनुष्याला तो एक दिवस खरोखरच स्वर्गांतला वाटत असला तर त्यांत आश्चर्य नाहीं.

१९५१ सालच्या सप्टेंबरची पहिली तारीख शनिवारीं आली. सोमवारीं कामगार-दिनाची सुट्टी होती, म्हणून गर्दी नेहमींपेक्षां मोठी होती. ‘पेलिकन’ ही बेचाळीस फूट लांबीची बोट सकाळीं धक्क्यावरून सुटली तेव्हां तिच्यांत चौसष्ट माणसें होतीं. एवढ्या बोटींत सुरक्षितपणें नेतां येतील त्याच्या दुपटीहून हीं माणसें अधिक होतीं. पण त्या क्षणीं कोणालाहि आपण धोका पत्करीत आहों असें वाटलें नसावें. ज्याला जागा मिळाली तो आपलें भाग्य समजला असेल. आणि दूरवरून आलेल्या माणसाला धक्क्यावर मागें ठेवणें तांडेलाच्या जिवावर आलें असेल. त्या एका चौरस फूट जागेंत गिऱ्हाइकाचा हट्ट, तांडेलाची गरज आणि दोघांचाहि आनंद एकत्र उभे होते.

दुपार होण्यापूर्वींच ईशान्येकडील वारा वाढला. समुद्र खवळला, आणि तांडेलानें बोट परत फिरविली. वाटेंत दोहोंपैकीं एक यंत्र नीट चालेना. जो रस्ता एरवीं थोड्या वेळांत संपावयाचा तो तासांवर गेला. ओहोटीचा प्रवाह एका बाजूनें आणि वारा दुसऱ्या बाजूनें, अशा ठिकाणीं लाटा उभ्या भिंतीसारख्या उठतात. थंडीनें आणि वांतीनें बेजार झालेलीं माणसें बोटीवर दाटीवाटीनें उभीं होतीं. मॉन्टॉकचें दीपगृह दृष्टीच्या टप्प्यांत असतां, दोनच्या सुमारास मोठ्या लाटांचा तडाखा बाजूनें बसला. माणसें तोल जाऊन एकाच अंगाला गेलीं, तो भार बोटीला सांवरतां आला नाहीं, आणि ती उलटली. जवळच्या बोटींनीं धांव घेऊन एकोणीस जणांना वांचविलें. पंचेचाळीस माणसें गेलीं. त्यांत तांडेल स्वतःहि होता.

या अपघाताचा सर्व दोष एका माणसाच्या माथीं मारणें सोपें होतें. आणि तो मनुष्य उत्तर देण्यास जिवंत नव्हता. परंतु चौकशींतून जें दिसलें तें अधिक अस्वस्थ करणारें होतें. पंधरा टनांच्या आंतील अशा मोटार-बोटींवर किती उतारू घ्यावे, याला त्या वेळच्या अमेरिकन कायद्यांत परिणामकारक बंधनच नव्हतें. तांडेलापाशीं परवाना असावा आणि बोटीवर जीवरक्षक पट्टे असावे, एवढ्यावर कायद्याचें समाधान होत असे. मोठ्या जहाजांची तपासणी होई. पण ज्या लहान बोटींतून सामान्य माणूस सुट्टीच्या दिवशीं समुद्रावर जाई, तिची होत नसे. ‘पेलिकन’वर त्या दिवशीं जें घडलें तें पुढच्या शनिवारीं दुसऱ्या कोणत्याहि बोटीवर घडूं शकलें असतें.

कायदा होण्यास पांच वर्षें लागलीं. १० मे १९५६ रोजीं अमेरिकेंत नवा कायदा झाला. भाडें देणाऱ्या सहांहून अधिक उतारूंना नेणाऱ्या लहान बोटींचीहि सरकारी तपासणी व्हावी, आणि तिच्यावर किती माणसें चढावीं हें तपासणी करणाऱ्यानें ठरवावें, असें त्यानें ठरविलें. तेव्हांपासून त्या देशांतील भाडोत्री मासेमारीचे दोन वर्ग पडले. सहा गिऱ्हाइकांपर्यंतची छोटी बोट हा एक वर्ग, आणि तपासणीचें प्रमाणपत्र भिंतीवर लावलेली मोठी बोट हा दुसरा. आज एखादें कुटुंब सुट्टींत बोट ठरवितें तेव्हां ‘सहाच माणसें कां?’ असा प्रश्न त्यांतील एखाद्या मुलाच्या तोंडीं येतो. त्या प्रश्नाचें उत्तर मॉन्टॉकच्या दीपगृहासमोरील पाण्यांत आहे.

या कायद्यानें मासा अधिक मिळूं लागला असें नाहीं. समुद्र पूर्वींइतकाच लहरी राहिला. उलट पुढें माशांचेंच प्रमाण घटूं लागल्यानें कोणता मासा किती घ्यावा यावरहि बंधनें आलीं, आणि पकडलेला मासा पुन्हां पाण्यांत सोडून केवळ आठवण घेऊन परतणारीं गिऱ्हाइकें वाढलीं. ॲव्हलॉनच्या किनाऱ्यावर कुजणारे ढीग पाहून होल्डरला जें सुचलें होतें, त्याचाच हा दूरचा विस्तार होय. कायद्यानें खरें जें दिलें तें तांडेलाला दिलें. धक्क्यावर उभ्या असलेल्या माणसाला ‘आज जागा नाहीं’ असें सांगतांना आतां त्याला स्वतःच्या पोटाशीं भांडावें लागत नाहीं. त्याच्या पाठीशीं एक आंकडा उभा असतो. आणि शेजारच्या बोटीलाहि तोच न्याय लागू असल्यामुळें प्रामाणिकपणाची किंमत त्याला एकट्याला मोजावी लागत नाहीं.

मात्र आंकडा माणसें मोजतो, वारा मोजत नाहीं. प्रमाणपत्र असलेली बोट देखील केव्हां माघारीं फिरवावी, हें आजहि तांडेलालाच ठरवावें लागतें. आणि गळाला नुकताच मासा लागूं लागला असतां ‘चला, परत’ हे शब्द ऐकणें गिऱ्हाइकाला आजहि कडू लागतें. भाड्याच्या पैशांत मासा मिळेलच असें वचन नसतें. त्या पैशांत विकत मिळते ती समुद्र ओळखणाऱ्या एका माणसाची नजर. त्या नजरेनें मासा दाखविला तर गिऱ्हाईक तिचें कौतुक करतें. तिनें किनारा दाखविला तर रुसतें. वास्तविक दुसरी सेवा पहिलीहून मोठी असते. जें गिऱ्हाईक रिकामी टोपली घेऊन, भाडें पुरें देऊन, तांडेलाचे आभार मानून घरीं जातें, त्याला या धंद्याचा इतिहास न वाचतांच समजलेला असतो.