अमृतसरचे तंबू

मनोरुग्णालय म्हटले, की उंच भिंत, गजांच्या खिडक्या आणि कुलूपबंद दार डोळ्यांसमोर येते. ठाणे, येरवडा, नागपूर, रत्नागिरी येथील ब्रिटिशकालीन मनोरुग्णालये बाहेरून पाहिलेल्यांना ती भिंत परिचयाची आहे. तिच्यामागे भीती होती, तशीच माणसांची टंचाईही होती. सांभाळायला माणूस नसला, की तिथे कुलूप येते.

ही टंचाई जुनी आहे. भोर समितीने १९४६ मध्ये नोंदवले, की इंग्लंडमध्ये सुमारे ३०० लोकांमागे मनोरुग्णांसाठी एक खाट आहे, हिंदुस्थानात ४०,००० लोकांमागे एक! समितीसाठी मनोरुग्णालयांची पाहणी करणाऱ्या कर्नल मूर टेलर यांना त्यांतील बहुतेक उपचारापेक्षा कोंडून ठेवण्यासाठीच बांधलेली दिसली. तज्ज्ञ तयार व्हावेत म्हणून १९५४ मध्ये बंगलोरला अखिल भारतीय संस्था निघाली. तीच आजची ‘निम्हान्स’.

पण तज्ज्ञ तयार होईपर्यंत रुग्णांचे काय? याचे उत्तर अमृतसरच्या डॉ. विद्यासागर यांनी शोधले. फाळणीनंतर लाहोरच्या मनोरुग्णालयातील शेकडो रुग्ण १९५० मध्ये भारतात आले, त्यांतले बरेच अमृतसरला. रुग्ण भरपूर, कर्मचारी तोकडे. तेव्हा डॉक्टरांनी नातेवाइकांनाच बोलावले आणि आवारात तंबू ठोकून त्यांना रुग्णांसोबत ठेवले. ते स्वतः त्यांच्यात बसत, आजार समजावून सांगत. रुग्ण लवकर बरे होऊ लागले. महत्त्वाचे म्हणजे, बरे झाल्यावर त्यांना न्यायला घरचे माणूस हजर असे. पुढे वेल्लोर आणि बंगलोर येथेही कुटुंबाला उपचारात स्थान मिळाले.

१९८२ मध्ये राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम आला. तज्ज्ञ थोडे आहेत, तर प्राथमिक आरोग्य केंद्रातील डॉक्टरांना शिकवावे, हा त्यामागचा विचार. कर्नाटकातील बेल्लारीत तो करून पाहिल्यावर १९९६ पासून जिल्हा कार्यक्रम सुरू झाला. तरीही २००१ मध्ये तमिळनाडूतील एरवाडी येथे, दर्ग्याजवळच्या एका खासगी आश्रयस्थानात साखळीने बांधलेले २८ मनोरुग्ण आगीत मरण पावले. कुलपाच्या जागी साखळी आली होती, एवढेच. पुढे २०१७ च्या कायद्याने मानसिक उपचार हा नागरिकाचा हक्क ठरवला आणि साखळदंडांना बंदी केली. पण २०१५-१६ च्या राष्ट्रीय सर्वेक्षणात, पाहणी झालेल्या १२ राज्यांपैकी केरळ वगळता एकातही लाखामागे एक मनोविकारतज्ज्ञ नव्हता.

ही उणीव आजही घरचेच भरून काढतात. रात्र जागणारी आई, नोकरी सोडणारा भाऊ, यांची नोंद कोणत्याच हजेरीपटावर नसते. कुटुंब आहेच, म्हणून पदे रिकामी राहिली तरी चालते, असा समज त्यातून रुजतो. अमृतसरचा धडा तो नव्हे. त्या तंबूत नातेवाईक होते हे खरे. पण त्यांच्याशेजारी डॉक्टरही बसलेला होता.