महासाथ आणि पर्यावरण : नागपूर

महासाथीत निसर्गाला किती उसंत मिळते, हे कोणते व्यवहार थांबले आणि कोणते चालूच राहिले यावर ठरते. नागपुरात हा फरक स्पष्ट दिसतो. कोविडमुळे २५ मार्च २०२० पासून देशभर टाळेबंदी लागू झाली आणि सीताबर्डी, वर्धा रोड ओस पडले. वाहनांच्या धुरातला नायट्रोजन डायऑक्साइड हवेत काही तासच टिकत असल्याने रहदारी थांबताच हवा निवळू लागते. नाग नदीचे तसे नाही. तिच्यात मुख्यतः घरोघरचे सांडपाणी येते. मोरीतले, संडासातले, भांडी घासल्याचे. माणसे घरात बसली म्हणून ते आटत नाही, उलट हात धुण्याच्या साबणपाण्याची भर पडते. हेच पाणी पुढे कन्हानमार्गे वैनगंगेत, गोसीखुर्दच्या जलाशयात जाते. शिवाय रुग्णालयांतून पिवळ्या पिशव्यांत भरलेले मास्क आणि पीपीई किट भट्टीत जाळावे लागले, तो भार नवाच होता.

टाळेबंदीने निसर्ग स्वतःला सावरतो हे सिद्ध केले, असे अनेकजण म्हणतात. स्थानिक हवेपुरते ते खरे आहे आणि मोलाचेही आहे. परंतु २०२० मध्ये जगाचे कार्बन उत्सर्जन सुमारे ५ टक्के घटूनही वातावरणातील कार्बन डायऑक्साइडचे प्रमाण वाढतच राहिले, कारण आधी सोडलेला वायू शतकानुशतके टिकतो आणि उरलेल्या उत्सर्जनाची त्यात भर पडतच होती. २०२१ मध्ये तर उत्सर्जनही पुन्हा वाढले. त्या अल्पकाळाच्या निर्मळ हवेची किंमत रोजगार बुडालेल्यांनी मोजली. नागपूरमार्गे उत्तरेकडे पायी निघालेले मजूर त्यांतलेच, आणि हा हिशेब सोडून टाळेबंदीला पर्यावरणाचा उपाय म्हणणे अन्यायाचे आहे.